घासलेली नाणी

भिंगरी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी कधीतरी काकांनी ठेवलेलं ते, आणि इतकं चपखल बसलं की पन्नाशी आली तरी सुटलं नाही. बसली की पाय हलवणार, उभी राहिली की हातातल्या किल्ल्या वाजवणार. त्यात धंदा गाडी शिकवण्याचा. दिवसभर कुणातरी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि तो चुकायच्या आत आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा. इतकी वर्षं हेच करून तिची गत अशी झाली होती की दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असो, कात्री असो की दुधाचं पातेलं, हिचा उजवा पाय आपोआप जमिनीत रुतायचा.

तिचा थोरला भाऊ, दादा, याच्या बरोबर उलटा. तो नगरपालिकेच्या तरणतलावावर देखभालीला होता. पाण्यात औषध टाकायचं, जाळीनं पालापाचोळा काढायचा, फरशा घासायच्या. माणूस शांत, कामाला वाघ, आणि स्वच्छतेचा असा वेडा की त्याच्याकडे पाहुणा गेला तर आपले बूट चमकवूनच परत यायचा. फक्त भाव करायचा म्हटलं की त्याचं तोंड शिवलं जायचं. आई गेल्यावर तिचं चांदीचं मोठं तबक त्यानं पहिल्याच दुकानात वजनावर देऊन टाकलं होतं आणि वर "चला, पटकन काम झालं" असं खुशीत फोनवर सांगितलं होतं. त्या तबकावरचं नक्षीकाम कुणा जाणकाराला दाखवायला हवं होतं, असं भिंगरी तेव्हा बोलली नाही. पण ते तिच्या मनात काट्यासारखं राहिलं.

तर काका गेले. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लग्न न केलेले, बंदरावर मालाचं वजन करण्यात हयात घालवलेले. शेवटचं जवळजवळ सगळं वर्ष ते अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं दादानं केलं. अंघोळ घालणं, औषधं, रात्रीचं उठणं-बसणं. भिंगरी यायची ती वाऱ्यासारखी. खिडक्या उघडायची, उशा बदलायची, डॉक्टरला चार प्रश्न विचारायची आणि पुढच्या शिकवणीला पळायची. काका हसून म्हणायचे की ही येऊन गेली की खोलीला धाप लागते. जाण्याआधी त्यांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं होतं, कपाटातला नाण्यांचा डबा तुम्हा दोघांचा, सारखा वाटून घ्या.

काकांच्या दोन खोल्या रिकाम्या करताना तो डबा निघाला. जाड पत्र्याचा, आत निळ्या फलाटीनचं मऊ अस्तर. प्रत्येक नाणं पातळ कागदात गुंडाळलेलं. बंदरावर उतरणाऱ्या खलाशांकडून काकांनी ती वर्षानुवर्षं जमवली होती. निरनिराळ्या देशांची चांदीची नाणी, दाढीवाले राजे, जाड गालांच्या राण्या, पंख पसरलेले गरुड. सगळी काळसर पडलेली, काहींच्या कडेला निळी-जांभळी झाक. दादानं एक उलगडलं, खिडकीपाशी नेलं आणि हळहळला. म्हणाला, बिचाऱ्यांची रया गेली. रविवारी बसून वाटणी करू, असं ठरवून तो जुन्या गाद्या खाली टाकायला गेला.

तेवढ्यात भिंगरीनं एक नाणं पर्समध्ये टाकलं.

चोरायचं तिच्या मनातही नव्हतं, हे तिनं स्वतःलाच पुढे कितीदा तरी बजावलं. एकच नाणं कुणालातरी दाखवायचं, भाव जाणून घ्यायचा, रविवारच्या आत डब्यात परत. दादाला सांगितलं असतं तर तो "कशाला उगाच कटकट" म्हणाला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःच पहिल्या दुकानात गेला असता. जे हाताला आलं तेच तिनं उचललं होतं. जिना उतरून गाडीत बसल्यावर तिनं कागद उलगडला. तीन डोलकाठ्यांचं जहाज होतं, शिडं फुगलेली, आणि मागच्या बाजूला एका राणीचा चेहरा.

शनिवारी दुपारी दोन शिकवण्यांच्या मध्ये ती नाण्यांच्या दुकानात गेली. दुकान एका छत्र्यांच्या दुकानाच्या वर होतं, जिना अरुंद, आत एकच टेबल आणि त्यावर लांब मानेचा दिवा. दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, सर्दीनं नाक लाल झालेलं, पण हात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसारखे स्थिर. त्यांनी आधी टेबलावर मऊ कापड पसरलं, मगच नाणं मागितलं. भिंगरीनं ते चिमटीत धरून पुढे केलं तसं बाईंनी हातानंच थांबवलं. नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. बोटाचा घाम वर्षभरानं ठशासारखा उमटतो, म्हणाल्या.

मग त्यांनी नाणं तोललं, कड फिरवून पाहिली, भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं केसाकेसानं फिरवत राहिल्या. भिंगरीचा पाय टेबलाखाली टकटक करू लागला. बाईंनी वर न बघता तो थांबवायला सांगितलं, दिवा हलतोय.

झिजेचं त्यांनी समजावून सांगितलं. नाण्यावर जे सगळ्यात उंच असतं ते आधी झिजतं. राणीच्या कानावरचे केस, गालाचं हाड, जहाजाच्या शिडाचा फुगलेला भाग. इथं केसाची बट न् बट मोजता येते, डोलकाठ्यांचे दोरसुद्धा जागच्या जागी आहेत. म्हणजे हे फार थोड्या खिशांत फिरलं. आणि खरी गोष्ट पुढे होती. त्यांनी खणातून दुसरी दोन नाणी काढली, दोन्ही एकाच साच्यातली. एक चकचकीत, एक काळपट. दोन्ही दिव्याखाली तिरकी धरून हलवायला लावली. काळपट नाण्याच्या कातडीखालून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरला. चकचकीत नाण्यावर तो नुसता पडून राहिला.

"यातलं कुठलं घ्याल?" बाईंनी विचारलं.

चकचकीत, असं भिंगरी म्हणणार होती, पण शिकाऊ माणसासारखी गडबडली.

बाई म्हणाल्या, बहुतेक लोक चकचकीतच उचलतात. ते कुणीतरी घासलेलं आहे. घासलं की वरची कातडी जाते, आणि कातडीबरोबर टाकसाळीतून निघतानाचा उजेडही जातो. भिंगातून बघा, बारीक रेघाच रेघा. पुन्हा काही केल्या येत नाही तो. काळं नाणं घेणारे माझ्याकडे रांग लावतात, घासलेलं चांदीच्या भावानं जातं. मग त्यांनी तिच्या नाण्याचा भाव सांगितला. एवढ्याशा वस्तूला एवढी किंमत असेल असं भिंगरीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एक बरी जुनी गाडी आली असती. अशी अजून आहेत का, असं बाईंनी विचारलं, आणि डबाभर आहेत हे ऐकल्यावर त्यांनी नाक पुसायचंही सोडून दिलं.

"आहेत तशी आणा," त्या म्हणाल्या. "पाण्याचा थेंब लावू नका. घरातल्यांना सांगून ठेवा."

घरातल्यांना म्हटल्याबरोबर भिंगरी उठून उभी राहिली. दादा आणि डबा एकाच घरात होते. शनिवारी त्याला सुटी असायची, म्हणजे तो काकांकडे आवरत बसलेला असणार.

तिनं जिन्यातूनच त्याला फोन लावला. लागला, पण उचलला नाही. गाडीत बसून पुन्हा लावला. पुढची शिकवणी एका तरुण परिचारिकेची होती. ती चौकात तीनदा गाडी बंद पाडून रडकुंडीला आली, आणि भिंगरी, जी कधी शिष्यावर आवाज चढवत नसे, ती तिला म्हणाली की आज पुरे, उतर, गाडी मी नेते. परिचारिकेला रस्त्याच्या कडेला उभं करून ती काकांच्या घराकडे सुटली. प्रत्येक सिग्नल जणू तिच्यासाठीच लाल होत होता. दादा आळशी असता तर किती बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात टेबलावर दादानं पांढरा टॉवेल अंथरला होता आणि त्यावर ओळीनं मांडलेली नाणी नव्या वाट्यांसारखी लखलखत होती. शेजारी तलावाच्या फरशा घासायची पावडर, दोन दात घासायचे ब्रश, लिंबाच्या साली. भिंगरीनं एक नाणं उचललं. कडेनं. खिडकीकडे तिरकं धरून हलवलं. उजेड जागचा हलला नाही. तिनं दुसरं उचललं, मग तिसरं.

दादा ओट्याखाली गुडघ्यांवर बसला होता. सिंकचा वाकडा पाइप त्यानं सोडवला होता आणि एका भांड्यात त्यातला गाळ बोटांनी चिवडत होता. तिला बघून तो उठला, पण त्याचा चेहरा असा होता की तिनं हातातलं नाणं परत टॉवेलवर ठेवलं.

तो म्हणाला की तुला गंमत दाखवावी म्हणून सकाळपासून घासत बसलो होतो, उद्या तू आलीस की डोळे दिपले पाहिजेत. सगळं छान चाललं होतं. शेवटी डब्यात काकांनी ठेवलेल्या यादीवरून मोजली तर एक कमी. सिंकची जाळी तुटलेली, आणि नळ सोडलेला. कुठलं गेलं तेही कळलं, जहाजाचं. काकांचं आवडतं.

"तू काळजी करू नकोस," तो म्हणाला. "ते माझ्या वाटणीतून गेलं असं धर. तुझी पुरी घे."

भिंगरीची पर्स खांद्यावर होती. तिच्यात ते नाणं होतं, बाईंनी दिलेल्या लहानशा पाकिटात. तोंड उघडायचा तो क्षण होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत गेला. नाणं माझ्याकडे आहे म्हटलं तर का आहे ते सांगावं लागणार. का ते सांगितलं तर बाईंनी काय सांगितलं तेही येणार. आणि ते आलं की या टॉवेलवर जे मांडलंय त्याचं काय झालं हे दादाला कळणार. एक दोरा ओढला की सगळं उसवत जाणार. ती एवढंच म्हणाली की छान दिसतायत. दादा खूश झाला. मग पुन्हा पाइपाकडे वळला.

ती रात्र तिनं कशीबशी काढली. नवऱ्यानं, जो तिच्या फिरण्याला सरावलेला होता, सगळं ऐकून घेतलं आणि सांगून टाक म्हणाला. सांगून टाक म्हणणं सोपं होतं. त्यानं दादाचा तो चेहरा पाहिला नव्हता.

रविवारी ती पोचली तेव्हा दादा मागच्या अंगणात होता. पाइपात नाही म्हणजे नाणं खाली गेलं असणार, असा हिशेब करून त्यानं गटाराच्या टाकीचं झाकण काढलं होतं. तलावावरची लांब दांड्याची जाळी आणली होती, तिनं गाळ उपसत होता, बादलीत ओतत होता आणि रबरी हातमोजे घालून मूठ मूठ चाळत होता. वास असा की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. भिंगरीनं त्याला थांबवायचा प्रयत्न केला. गेलं ते गेलं, एका नाण्यानं काय होतंय. पण दादा म्हणाला की काकांनी एवढ्या वर्षांत एक हरवलं नाही, आणि मी एका दिवसात.

मग तिनं चहा केला. त्याला हातमोजे काढायला नकोत म्हणून कप त्याच्या तोंडाला लावला. तो लहान मुलासारखा प्याला आणि पुन्हा वाकला. ती अंगणात येरझाऱ्या घालू लागली. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. दादा एकदा म्हणाला, बस की जरा, मला चक्कर येते.

उन्हं चढली. दादाचा शर्ट पाठीला चिकटला. त्याची कंबर दुखत होती हे त्याच्या उठण्या-बसण्यावरून दिसत होतं. काकांना उचलून उचलूनच ती कामातून गेली होती. तो झाकणाची कड साफ करायला पाठमोरा झाला, तेव्हा भिंगरीनं पर्समधून पाकीट काढलं. बाईंनी थेंबही लावू नका म्हटलं होतं. तिनं डोळे मिटले आणि नाणं बादलीत सोडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

असं का केलं, याचं उत्तर तिच्यापाशी एकच होतं, की त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. दादाला नाणं मिळेल, त्याचा जीव भांड्यात पडेल, गटार बंद होईल. पुढचं पुढे. वाईटातलं बरं असंच तिला वाटलं.

थोड्याच वेळात दादाचा हात बादलीत थांबला. त्यानं मूठ वर काढली, हातमोज्याचा अंगठा फिरवला, आणि त्याच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. मग तो हसायला लागला. हसता हसता खाली फरशीवरच बसला. भिंगरीही हसली, तिचे गाल दुखेपर्यंत.

"मिळालं बघ," तो म्हणाला. "पण घाणीनं पुन्हा काळं केलंय. थांब, एका मिनिटात इतरांसारखं करतो."

तो उठला तो थेट अंगणातल्या नळाकडे. तिथं दगडावर पावडरचा डबा आणि ब्रश तयार होता, माणूसच तसा. त्यानं हातमोजे काढले, नाणं पाण्याखाली धरलं, तळहातावर घेतलं आणि वर पावडरची चिमूट सोडायला हात उचलला.

भिंगरीचा पाय जमिनीत रुतला. पण तिथं ब्रेक नव्हता. ती धावली आणि तिनं दादाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. पावडर दोघांच्या पायांवर सांडली.

"घासू नकोस," ती म्हणाली. "दादा, घासलं की संपलं."

"काय संपलं?"

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, त्याचं मनगट न सोडता. पर्स, छत्र्यांच्या दुकानावरचा जिना, बाई, उजेडाचे आरे, कातडी. नाणं गटारात कधीच गेलं नव्हतं. बादलीत आत्ता मी टाकलं. मध्येच ती तबकाचंही बोलली, जे बोलायची काही गरज नव्हती. दादा ऐकत होता. नळ चालू होता, आणि तो बंद करायचं त्याला सुचलं नाही. यावरूनच तिला कळलं की गोष्ट कुठवर गेली आहे.

सगळं सांगून झाल्यावर त्यानं नाणं तिच्या हातात दिलं. कडेनं धरून. मग विचारलं, "कालची? टॉवेलवरची?"

तिनं मान हलवली.

"फरक किती पडला?"

खोटं बोलायचं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण कालपासून तिनं जे जे लपवलं होतं त्यानंच हे गटार उघडलं होतं. तिनं बाईंचा आकडा सांगितला, आणि घासलेलं कशाच्या भावानं जातं तेही सांगितलं. दादानं एकदाच ओठ हलवून काहीतरी मनात गुणलं आणि सोडून दिलं. मग त्यानं बादली पुन्हा टाकीत रिकामी केली, झाकण बसवलं, अंगण धुतलं, जाळी धुतली, स्वतःचे हात कोपरापर्यंत तीनतीनदा धुतले. ती मागे मागे फिरत होती, हे घेऊ का, ते आणू का करत. शेवटी तो म्हणाला की तू आता घरी जा, उद्या दुपारी दुकानात जाऊ, दोघं.

दुकानात तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाईंनी टॉवेलची पुरचुंडी उलगडली आणि खुर्चीत मागे टेकल्या. बराच वेळ त्यांनी भिंगाला हातही लावला नाही. मग एकेक बघत गेल्या. काही नाणी आधीच एवढी झिजलेली होती की राजाला नाक उरलं नव्हतं. ती घासल्यानं फारसं बिघडलं नाही, म्हणाल्या. पण चारपाच नाण्यांपाशी त्या थांबल्या, दिवा जवळ ओढला आणि दर वेळी नाणं खाली ठेवताना जरा जास्तच हळू ठेवलं. दादा ते बघत होता. आपल्या हाताकडेही बघत होता.

"कुणी घासली?" बाईंनी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. भिंगरी काहीतरी बोलणार होती, पण तो पुढे म्हणाला, "मला वाटलं, बिचारी मळलीयत."

बाईंनी मान डोलावली. रोज कुणीतरी येतं असं घेऊन, म्हणाल्या. टाकाऊ वस्तू कुणी घासत नाही, जपायची असते तीच घासतात. मग त्यांनी जहाजाचं नाणं घेतलं. भिंगरीनं ते गटारातून आलंय हे चाचरत सांगितलं, तेव्हा त्यांनी भिंग लावून दोन्ही बाजू इंच इंच पाहिल्या.

"साधं पाणी लागलंय, बाकी काही नाही," त्या म्हणाल्या. "गटारात पडलेलं चालतं मला. घासलेलं चालत नाही."

ते विकावं की नाही यावर दुकानातच दोघांचं अडलं. भिंगरीला ते दादानं ठेवावं असं वाटत होतं. दादाला विकायचं होतं. एक नाणं अर्धं कापून वाटता येत नाही, पैसे येतात, असं तो शांतपणे म्हणाला, आणि तसंच झालं. आणि घासलेल्यांचं काय, असं बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की ती मी घरी नेतो, हिची हरकत नसेल तर. चांदीच्या भावानं द्यायची तर मग माझ्याकडेच राहू देत. मला ती चमकणारीच बरी वाटतात. भिंगरीची हरकत असण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं आपल्या वाटणीची सगळी त्याच्याकडे सरकवली, आणि त्यानं ती नको म्हटलं नाही, थँक्यूही म्हटलं नाही.

खाली आल्यावर तो रागावेल म्हणून ती थांबून राहिली. तो रागावला नाही. पाऊस येईलसं दिसतंय म्हणाला आणि बसस्टॉपकडे गेला. तिच्या गाडीत बसला नाही.

आणि इथून पुढे भिंगरीचे खरे हाल सुरू झाले. दादा फोन करायचा, खुशाली विचारायचा. काकांच्या खोल्यांची किल्ली मालकाला देऊन आलो, असं एका वाक्यात सांगायचा; पूर्वी अशा कामाला तो तिला सोबत न्यायचा. बोलणं सगळं ठाकठीक, नव्या बांधलेल्या भिंतीसारखं. ती मुद्दाम विषय काढायची, म्हणायची दादा, त्या दिवशी माझं चुकलंच. तो म्हणायचा, झालं गेलं, सोड. मग तिला घास गोड लागेना. शिकवणीत ती वेळेआधी ब्रेक मारू लागली. एका म्हाताऱ्या शिष्यानं तर विचारलं, मॅडम, गाडी मी चालवतोय की तुम्ही?

असं बरंच चाललं. मग एका सुटीच्या दिवशी दादा तिच्याकडे पडद्याची दांडी बसवायला आला. तिनं बोलावलं नव्हतं. नवऱ्यानं बोलावलं होतं. दादा स्टुलावर चढला, भिंतीला भोक पाडायला ड्रिल लावलं, आणि भिंगरी खालून म्हणाली, जरा डावीकडे घे. मग म्हणाली, नाही, थोडं वर. मग म्हणाली, राहू दे दादा, तू उतर, मी करते.

दादानं ड्रिल बंद केलं.

"मी चोर होतो का ग तुझा?" तो म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता, पण कापत होता. स्टुलावर उभ्या उभ्या त्यानं सगळं काढलं. काका रात्री हाका मारायचे तेव्हा त्या घरात कोण होतं. काकांच्या कपाटाची किल्ली वर्षभर कुणाच्या खिशात होती, आणि त्यानं तो डबा एकदा तरी उघडला का. तबक विकलं तेव्हा आईच्या हॉस्पिटलची माणसं बिलासाठी दारात उभी होती, हे तिला माहीत होतं का. नव्हतं, कारण तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. नाणी घासली हे चुकलं, त्याचं त्याला रोज वाईट वाटतं. पण ते अडाणीपणानं झालं. "आणि तू? मी घाणीत हात घालून बसलो होतो, आणि तू माझ्या तोंडाला कप लावत होतीस. पर्स खांद्याला अडकवून."

नवरा दारापर्यंत आला आणि परत गेला. भिंगरी पलंगाच्या काठावर बसली. तबकाचं ऐकून तिची कानशिलं तापली होती. तिच्याकडे उत्तरं होती, निदान दोन-तीन तरी, पण एकही तिनं दिलं नाही. दादाचं संपलं नव्हतं. तो लहानपणी सायकलीवरून झालेल्या भांडणापर्यंत मागे गेला, मग काकांच्या शेवटच्या आठवड्यावर आला, मग पुन्हा कपावर. ती ऐकत होती. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा तिला उठून कुठं जावंसं वाटत नव्हतं.

मध्ये कधीतरी दादा स्टुलावरून खाली उतरला आणि तिच्या शेजारी बसून पुढचं बोलू लागला.